बेडकीचे डोळे

परवा भर दुपारी खाजाभाईचा फोन आला. सलाम नाही, हालहवाल नाही, माणूस एकदम ओरडलाच. "शेक्रेटरी, डोळे वापस दिले ना यार कंपनीनं! गोल! एकदम पहिल्यासारखे गोल!"

माझी बायको शेजारी शेंगा फोडत बसली होती. तिनं विचारलं, कुणाचं ऑपरेशन झालं? म्हटलं, कुणाचं नाही, बेडकीचं नवीन मॉडेल आलंय. तिनं कपाळावर हात मारला. "अगंबाई, अजून संपलं नाही का तुमचं ते?"

नाही संपलं. आणि संपायचंही नाही. फक्त ही बातमी ज्यांना सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होती ते बन्सीमामा आता नाहीत. असते तर त्यांनी केजच्या बाजारात हलगी लावली असती. मी आणि खाजाभाई फोनवर बराच वेळ नुसते हसत राहिलो आणि फोन ठेवायला दोघंही तयार होईनात.

बेडकी म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही मला वेड्यात काढाल. बेडकी ही परदेशातली एक नावाजलेली स्पोर्ट्स कार. तिचं खरं नाव आमच्यापैकी एकालाही धड घेता येत नव्हतं. जमिनीला चिकटून बसलेली, कुल्ले रुंद, आणि नाकाडावर दोन टपोरे गोल दिवे. मामांनी मासिकातला फोटो बघितला आणि बारसं उरकून टाकलं, "ही तर बेडकी हाय गा!" तेव्हापासून केजच्या जीपस्टँडमागं, खाजाभाईच्या गॅरेजातल्या लिंबाखाली, आम्ही चौघं बेडकीचे भक्त जमायचो. बन्सीमामा, खाजाभाई मिस्त्री, जीप चालवणारा सुभ्या आणि मी, गावच्या सोसायटीचा सेक्रेटरी. आमच्यापैकी तिघांनी बेडकी जन्मात पाहिलेली नव्हती. त्यामुळं मतं मात्र भयंकर ठाम होती.

मामांनी पाहिली होती. एकदाच. त्या एका दर्शनावर ते पुढची सगळी हयात बोलले.

मामांचा धंदा जनावरांच्या दलालीचा. उंच, वाळका गडी, मिशा पांढऱ्या, अंगावर मळकं धोतर आणि डोक्यावर मात्र असा लालभडक फेटा की बाजारात कुठूनही नजरेत भरावा. तो फेटा ते झोपतानाही काढत नाहीत अशी वदंता होती. मामींना विचारायची कुणाची छाती नव्हती. कुणी थट्टा केलीच तर मामा बोट वर करून म्हणायचे, "ह्याच्याखाली डोकं न्हाई, पारख हाय. उगं हवा लागू द्यायची न्हाई तिला."

आणि पारख होतीच हो. बैलाभोवती ते तोंड बंद ठेवून एक फेरी मारायचे. मागच्या पुठ्ठ्यावर थाप मारायचे, ओठ उचलून दात बघायचे, चार पावलं चालवायचे. मग खांद्यावरचा शेला हातावर टाकायचा, समोरच्याचा हात त्या शेल्याखाली घ्यायचा आणि बोटं दाबून सौदा ठरवायचा. भोवती शंभर माणसं असली तरी शेल्याखाली काय ठरलं ते फक्त त्या दोघांना ठाऊक. मामांनी शेल्याखाली एक बोट दाबलं आणि बाहेर दुसरं सांगितलं असं कधी झालं नाही. आमच्या भागात हीच त्यांची इस्टेट.

आता असा माणूस गाडीकडं बघणार कसा? बैलाकडं बघतो तसाच. सुभ्यानं नवी जीप आणली तर मामांनी पहिल्यांदा तिच्या मागच्या अंगावर थाप मारली, मग बॉनेट उघडायला लावून आत तोंड घातलं आणि निकाल दिला, "चालीला बरी हाय, पर जेवायला लई लागंल." त्यांच्या स्वतःच्या खटारा मोपेडचं नाव सर्जा. गॅरेजात आले की सर्जाला कासऱ्यानं लिंबाला बांधायचे, गाठ मारून. मी एकदा विचारलं, मामा, हिला कोण चोरून नेणार? म्हणाले, "चोराचं भ्या न्हाई ओ. पर जनावराला खुंट्याची सवय आसावी." निघताना किक मारायच्या आधी टाकीवर दोनदा थोपटायचे. आणि सांगायला लाज वाटते, पण इतर कुणी किक मारली तर ती मोपेड खरंच चालू व्हायची नाही.

तर ते दर्शन. ज्वानीत मामा बैलांचा ट्रक भरून घाटानं चालले होते, स्वतः मागं हौद्यात बैलांत उभे. पुढचं त्यांच्याच तोंडून ऐकायला पाहिजे.

"आदी आवाज आला. म्या म्हनलं, इमान पडायलंय का काय डोक्यावर! तवर ती आली की ओ. लाल. दोन गोल डोळे वटारून. आमच्या बगलंतून गेली ती अशी गेली, की ट्रकातल्या एकूनएक बैलानं मान वळवली! वळवली ती वळवलीच, वळनाआड जाईस्तवर कुणी खाली घातली न्हाई. मानूस खोटं बोलंल, पेपर खोटं छापंल. बैलाला काय पडलीय?"

ह्याला आम्ही बैलांचा दाखला म्हणायचो. वादात कुणी फार वर आलं की मामा हा दाखला काढायचे आणि विषय मिटायचा. त्यापुढं खाजाभाईची सगळी मासिकं फिकी पडायची.

खाजाभाई तसा हार मानणारा माणूस नव्हे. बुटका, गोल, ग्रीसनं माखलेला, तोंडात सुपारी. मामांच्या प्रत्येक वाक्याला "नक्को मामा" म्हणून सुरुवात करायचा. दोघं एकमेकांशिवाय चहा घेत नसत आणि चहा घेताना एकमेकांना बोलू देत नसत. खाजाभाईच्या अम्मीला बरं नसायचं तेव्हा मामा तिच्यासाठी शेळीचं दूध घेऊन यायचे, आणि दूध देता देता खाजाशी दिव्यांवरून भांडायचे. ती माउली आतून ओरडायची, "अरे, दूध तो रखो पहले!"

अशात एक दिवस सुभ्यानं मोबाइलवर नवं मॉडेल दाखवलं. कंपनीनं बेडकी बदलली होती. सगळं तेच, पण नाकाडावरचे ते दोन गोल डोळे गायब! त्या जागी दोन बारीक तिरप्या फटी. मामांनी मोबाइल जवळ धरला, लांब धरला, उलटा धरला. आणि असा हंबरडा फोडला की जीपस्टँडवरचे पॅसेंजर धावत आले. "डोळे काढले रे! जितीचे डोळे काढले!"

"नक्को मामा," खाजाभाई म्हणाला. "लई भारी दिसायली. वाघिणीवानी डोळे बारीक केलेत तिनं. जुनी बेडकी गरीब दिसायची, ही शिकारीला निघालीय."

झालं. गॅरेजात दोन पॅनेल पडली. जुनी बेडकी विकास पॅनेल आणि नवी बेडकी परिवर्तन पॅनेल. हसू नका, आमच्याकडं दोन माणसांचं मत वेगळं झालं की पॅनेलच पडतं, ती सहकाराची पुण्याई आहे. सुभ्या सकाळी जुन्याकडं असायचा आणि संध्याकाळी नव्याकडं, म्हणजे पुढारी व्हायच्या लायकीचा होता. मी सेक्रेटरी म्हणून तटस्थ. मला दोन्हीकडून चहा मिळायचा.

मामा तेवढ्यावर थांबले असते तर ते मामा कसले? त्या वर्षीची सोसायटीची सर्वसाधारण सभा होती. मामा सभासद. आयत्या वेळचे विषय आले तसे उठून उभे राहिले आणि फेटा सावरून म्हणाले, "कंपनीनं बेडकीचे डोळे काढले, त्याचा ही सभा जाहीर निषेध करती!" सभेत निम्म्या लोकांना वाटलं कुणीतरी मुक्या जनावराला इजा केली. बायाबापड्यांनी चुकचुक केलं, सगळे हात वर. खाजाभाई सभासद नव्हता, तो खिडकीतून ओरडत होता, "हरकत! हरकत!" चेअरमनसाहेबांचं लक्ष भज्यांच्या पातेल्याकडं. ते म्हणाले, मंजूर, मंजूर. पुढं ऑडिटला आलेल्या साहेबांनी मला खोलीत बोलावून गंभीरपणे विचारलं, "ही बेडकी संस्थेच्या मालकीची आहे का? मग तिचे डोळे गेले तेव्हा तिचा विमा काढलेला होता का?" मी जे काही उत्तर दिलं ते आठवलं की अजून घाम फुटतो.

मग दुष्काळ पडला. तो काही एका दिवसात पडत नाही, मेला. एक पावसाळा हुकला, मग दुसरा हुकला. विहिरी आटल्या, ऊस वाळला, कारखान्याचं धुराडं गप्प झालं. जनावरांच्या बाजाराची तर दशा झाली. विकायला सगळे आणि घेणारा कुणी नाही. जो कोणी घ्यायला येई तो कशासाठी घेतोय हे मामांना कळायचं. त्यांनी शेला घडी करून खांद्यावर टाकला आणि सांगून टाकलं, "पानी पडंस्तवर म्या कुनाचा हात धरत न्हाई." हातातलं काम गेलं. उरली ती नुसती पारख, आणि ती चालवायला उरली बेडकी. म्हणूनच की काय, त्या उन्हाळ्यात लिंबाखालचा वाद फार पेटला.

एका दुपारी खाजाभाईनं मामांच्या वर्मावर बोट ठेवलं. "मामा, तुमचे ते ट्रकातले बैल. बांधलेले, पुढं काय खायला न्हाई, बिचाऱ्यांनी मान वळवायची न्हाई तर काय भजन करायचं? पुढं चारा आसता तर बघितलं असतं का?"

मामा लालबुंद झाले. उठले आणि फेट्याला हात लावला. "ऐक बे खाजा. चारा सोडून बैलानं मान वळवावी अशी गाडी अजून पैदा व्हायचीय. तुझ्या त्या आंधळीकडं बैलानं तोंडातला चारा थांबवून बगितलं, तर ह्यो फेटा उतरवीन. आन मरंस्तवर कुनाच्या बैलाला हात लावनार न्हाई. पारख सोडली म्हनून समज!"

खाजाभाई म्हणाला, "नक्को मामा, मजाक चालली होती." पण शब्द गेला तो गेला. वर मजा बघा, मामा निर्धास्त होते. नवी बेडकी, तीही दुष्काळात, तीही केजला, आणि तिथं चारा खात उभे बैल! ह्या जन्मात जमायचं नाही.

आमच्या सोसायटीनं गावाबाहेर चारा छावणी काढली. पत्र्याच्या नि शेडनेटच्या सावलीत दावणीच्या दावणी लागल्या, टँकर यायचा, उसाचे वाढे म्हणजे शेंड्याची हिरवी पानं यायची. मामांना आम्ही जनावरांवर देखरेखीला ठेवलं. कुठल्या गाईला पेंड चालत नाही, कुठल्या बैलाला शेजारी चालत नाही, सगळं त्यांना पाठ. अशात बातमी आली की गावच्या एका लेकीचा मुलगा रोहन, पुण्यात मोठा कारखानदार झालेला, छावणीला चाऱ्याचे ट्रक द्यायला येतोय. चेअरमननं मांडव घातला, शाल-नारळ आणले. रोहन कशानं येणार ते कुणी विचारलंच नव्हतं.

आधी आवाज आला.

मी सांगतो तुम्हाला, माझ्या अंगावर काटा आला. लांब रस्त्यावर धुळीचा लोट, आणि त्याच्या पुढं जमिनीला चिकटून काहीतरी सरपटत येतंय. सुभ्या नाचायलाच लागला. खाजाभाई सत्काराला गॅरेजातून तसाच ग्रीसच्या हातानं आला होता, तो नुसता "या अल्ला, या अल्ला" म्हणत होता. बायकांनी टँकरखालच्या घागरी सोडल्या. सगळा गाव फाटकाशी लोटला. फक्त मामा गाडीकडं पाठ करून दावणीकडं तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, रुसले म्हातारबा.

फाटकातच पहिला घोळ झाला. टाकीकडं जाणारा पाण्याचा पाइप तिथं रस्त्यातून गेलेला होता, त्यावर मातीचा उंचवटा. ट्रॅक्टरला काही वाटायचं नाही, पण बेडकीचं पोट घासणार हे उघड होतं. रोहन खाली उतरला, गुडघ्यावर बसून बघू लागला. तेव्हा मामा वळले. म्हणाले, "मागं सरा. हिला चढ करून द्या." आणि त्यांच्याच हुकमावरून पोरांनी उसाच्या वाढ्यांचे भारेच्या भारे उंचवट्याच्या दोन्ही अंगांना अंथरले. मस्त मऊ उतार झाला. बेडकी हळूच वर चढली आणि अगदी माथ्यावर आली तसे चेअरमनसाहेब हात आडवा करून पुढं. "थांबा! इथंच थांबा! फोटो इथं ब्येस येतो!" रोहनला तिथंच उतरवला, गळ्यात हार घातला आणि मांडवात ओढून नेला. चेअरमनसाहेबांचं भाषण सोसायटीच्या स्थापनेपासून सुरू व्हायचं आणि घाई करणं त्यांना पसंत नसायचं.

बेडकी माथ्यावर उभी. धुळीनं पांढरीफटक. पण पाण्याचं नाव काढायची कुणाची टाप होती? मामा पुढं झाले, खांद्यावरचा शेला काढला आणि तिचं नाकाड पुसलं. खालून लाल रंग निघाला. तोच लाल. मामांनी त्या बारीक फटींवरून अंगठा फिरवला.

जाता जाता रोहन म्हणून गेला होता, बसा ना मामा आत. आता आत बसायचं म्हणजे काय! मामांनी आधी पाय घालून बघितले, मग पाठ घालून बघितली, शेवटी खाजाभाईनं खालून आणि सुभ्यानं वरून कोंबलं तेव्हा आत गेले. पण फेटा! छत इतकं खाली की फेटा मावेना. काढा म्हटलं तर डोळे वटारले. मग मान खांद्यावर पाडून, एक डोळा काचेबाहेर आणि एक काचेच्या वर, असे मामा स्टिअरिंग धरून बसले. लोक हसून हसून खाली बसले. मला तर उचकी लागली.

"मामा," कुणीतरी ओरडलं, "निकाल द्या! जुनी का नवी?"

हसणं थांबलं. सगळ्यांना ती पैज ठाऊक होती. मामांनी वाकड्या मानेनं सगळ्यांकडं बघितलं. म्हणाले, "निकाल उघड्यावर देत नस्तो म्या. खाजा, हात दे. एक बोट धरलं तर जुनी. पंजा धरला तर नवी." खिडकीतून शेला बाहेर आला, खाजाभाईचा काळा हात त्याखाली गेला. मी शेजारी उभा होतो. शेला जरासा हलला. खाजाभाईच्या तोंडातली सुपारी थांबली. त्यानं मामांकडं बघितलं, मग आमच्याकडं वळला आणि घसा साफ करून ओरडला, "जुनी! जुनी बेडकी भारी! परिवर्तन पॅनेल पडलं, आपण हरलो!"

काय जल्लोष झाला! टोप्या उडाल्या, सुभ्यानं शिट्ट्या मारल्या, सकाळपासून तो नव्याकडं होता हे विसरून. आणि त्या गोंधळात आतून मामांचा आवाज आला. "खोटारडा हाय ह्यो!"

सगळे खिडकीकडं वळले.

"म्या पंजा दाबलाय. ह्यानं तुमाला बोट सांगितलं. माज्या इज्जतीसाठी भर लोकांत सोता हरला, बिनडोक." मामांनी वाकड्या मानेनंच खाजाभाईकडं बोट केलं. "तुमी सगळे गाडी बगत हुतात. दावन कुनी बगितली का? न्हाई. म्या बगितली. ही लांबून आली तवा सगळ्या दावनीनं माना वर केल्या. तोंडातले वाढे तसेच. दुष्काळातली जनावरं हाईत, उपासाची, आन चारा थांबवून बगत ऱ्हायली. कुनाला सांगितलं नसतं तर कळलं नसतं. पर माजं मला कळलं ना. आन आजून एक सांगतो. दोन साल आपुन डोळ्यांसाठी भांडलो. हितं आत बसून बगा की एकदा. हिचे डोळे आतून दिसतच न्हाईत गा! आत बसलं की आपलेच डोळे!"

असं म्हणून त्यांनी दोन्ही हात वर केले आणि फेटा उतरवला. खाली डोकं निघालं, तळहातासारखं मऊ, पांढऱ्या केसांचं, कपाळावर फेट्याची खूण. छताला न लागता मान सरळ झाली. मला रडू आलं, खरं सांगतो. खाजाभाई तर शेल्यात तोंड खुपसून ढसाढसा रडत होता आणि त्याच्या तोंडाला लागलेलं ग्रीस शेल्यावर उमटत होतं.

आणि नेमकं तेव्हा सुभ्या ओरडला, "ओ! चढ कुठाय?"

आमच्या अकलेचे दिवे बघा. पाणी पाजायला सुटलेली जनावरं शांतपणे येऊन दोन्ही बाजूंनी उतार खाऊन बसली होती! चारा छावणीत, उपाशी जनावरांच्या वाटेवर, उसाच्या वाढ्यांचा रस्ता करणारी माणसं जगात दुसरी असतील असं वाटत नाही. आणि तो हुकूम कुणाचा? तालुक्यातल्या सगळ्यात मोठ्या जनावर-पारख्याचा. एक गाय तर मागच्या चाकाखालचं शेवटचं वाढं ओढत होती. बेडकी उंचवट्यावर पोट टेकून बसलेली, चाकं अधांतरी, आत मामा. बाहेर काढू म्हटलं तर गुडघे आखडलेले. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले, "म्या हितंच बरा."

रोहन मांडवातून पळत आला, बघितलं आणि मटकन खाली बसला. आधी वाटलं बिचाऱ्याला चक्कर आली, पण तो हसत होता. चेअरमनसाहेब माइकवरून म्हणत होते, "शांतता राखा, आपण संस्थेच्या दुसऱ्या वर्षात आहोत." मग मामांनी आतूनच सूत्रं हाती घेतली. अमक्याचे खिलार आणा, ती जोडी एका दमात ओढती. चाकाखाली दगड सारा. नाडा पुढच्या कडीला बांधा. रोहन घाबरत म्हणाला, दोर घासून रंग जाईल हो. मामांनी मांडीवरचा फेटा खिडकीतून बाहेर दिला. "हा गुंडाळा दोराला. मऊ हाय."

लाल फेटा लाल गाडीपुढं दोराला गुंडाळला गेला. गावातले झाडून सगळे बाजूंना लागले, मी, खाजाभाई, सुभ्या, हार गळ्यात असलेला रोहनसुद्धा. मामांनी काचेबाहेर तोंड काढून जिभेनं टक् टक् केलं. बैलांनी मान खाली घातली, आम्ही उचललं, आणि जगातली सगळ्यात जोरात पळणारी गाडी बैलांच्या चालीनं उंचवट्यावरून खाली उतरली. आत मामा, बोडके, दोन्ही हात स्टिअरिंगवर, तोंडभर हसताहेत आणि ओरडताहेत, "सरा! सरा बाजूला! बेडकी आली!"

निघताना रोहननं तो फाटका, मातीनं भरलेला फेटा मागून घेतला. मामा म्हणाले, "न्या. तिनं जित्लाय."

त्यानंतर मामांनी फेटा बांधला नाही. पुढच्या मृगाला पाणी झालं, बाजार पुन्हा भरला, पण मामा एका कडेला लिंबाच्या सावलीत नुसते बसून. कुणी बैल दाखवला तर हात जोडायचे, म्हणायचे, सुटलं आता. तिसऱ्या बाजारी एक शेतकरी आला, बैलाचा कासरा त्यांच्या मांडीवर टाकला आणि म्हणाला, "मामा, ह्या बाजारात सगळेच पारखी हाईत. सोता हरल्याचं कुनी कबूल केलं आसंल तर त्येचं नाव सांगा, म्या त्येच्याकडं जातो." मामांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. खाजाभाई लांबून ओरडला, "धरा ना यार हात!" मामांनी शेला काढला. त्यावर ग्रीसचे डाग अजून होते. पुढं त्यांच्याकडं इतकी गर्दी असायची की बाजाराच्या दिवशी खाजाभाईला चहासाठी रांगेत उभं राहावं लागायचं, आणि तो सगळ्यांना सांगायचा, हा माझ्यामुळं मोठा झालेला माणूस आहे.

माझी बदली वडवणीच्या बाजूला झाली. एकदा काही कामानं केजला गेलतो, परत निघालो सुभ्याच्याच जीपनं. जीप कोंबून भरलेली. गावाबाहेर उतार लागला आणि मागून हॉर्न ऐकू आला, लांबलचक, पोलिसाला घाबरवेल असा. सुभ्यानं आरशात बघितलं आणि पोट धरून हसायला लागला. बगलेतून सर्जा आला. हँडलवर खाजाभाईनं बसवून दिलेले दोन टपोरे गोल दिवे, भर दिवसा पेटलेले. वर मामा, पुढं वाकलेले, बोडक्या डोक्यावरचे पांढरे केस वाऱ्यावर उभे, शेला मागं फडफडतोय. आमच्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. उतारानं आम्हाला मागं टाकून निघून गेले.

जीपमधल्या एकूणएक माणसानं मान वळवली. माझ्यासमोर एक बाई शेरडाचं पिल्लू मांडीवर घेऊन बसली होती, त्याला बाभळीचा पाला चारत. त्या पिल्लानं तोंडातला पाला तसाच धरला, मान वळवली, आणि मामा वळणाआड जाईस्तवर खाली घातली नाही.